मेमरिस्टरचा सिनॅप्स करताना या चुका टाळा

दोन इलेक्ट्रोडच्या मधे काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर, एवढीच मेमरिस्टरची रचना. त्यावर व्होल्टेजचे पल्स दिले की थराचा रोध बदलतो आणि वीज काढून घेतली तरी बदललेलाच राहतो. मेंदूतल्या दोन चेतापेशींमधल्या जोडणीची, म्हणजे सिनॅप्सची, ताकद वापरागणिक कमीजास्त होत असते. तिची नक्कल करायला याहून साधा घटक सापडणं कठीण. लिऑन चुआ यांनी १९७१ मध्ये मेमरिस्टर कागदावर मांडला. २००८ मध्ये एचपीच्या प्रयोगशाळेत स्टॅनली विल्यम्स यांच्या गटाने टायटॅनियम डायऑक्साइडच्या पातळ थराचं वर्तन त्या कल्पनेशी जोडून दाखवलं, आणि तेव्हापासून या विषयाकडे वळणाऱ्यांचा ओघ थांबलेला नाही.

नव्याने काम सुरू करणाऱ्यांचे आलेख पाहिले की त्याच त्या चुका समोर येतात. बहुतेकदा थर चांगला असतो आणि चूक मोजण्यात असते. महिनाभर ऑक्साइडची जाडी बदलत बसलेल्या माणसाचा खरा दोषी मीटरभर लांबीची केबल निघते. म्हणून बिघाड शोधताना क्रम असा ठेवा: आधी केबल आणि जोडण्या, मग पल्स, मग आकडेमोड आणि सगळ्यात शेवटी थर.

मल्टिमीटर लावून बघू नका

पॅकेजमध्ये मिळणारा सुटा मेमरिस्टर हातात आला की पहिला मोह होतो तो मल्टिमीटरच्या कंटिन्युइटी मोडवर टाकून बघण्याचा. पण रोध मोजण्यासाठी मल्टिमीटर स्वतःचा प्रवाह सोडतो, सर्वांत खालच्या रेंजला हा प्रवाह १ मिलिअँपिअरच्या आसपास असू शकतो. उघड्या टोकांवर त्याचं व्होल्टेज काही व्होल्टपर्यंत जातं. तेवढ्यात मेमरिस्टरची अवस्था बदलते, किंवा तो कायमचा जातो, आणि तुम्ही मोजलेला आकडा मोजण्याआधीच्या उपकरणाचा राहत नाही.

वाचायचं असेल तर ०.१ व्होल्ट किंवा त्याहून कमी व्होल्टेजवर वाचा, काही दहा किलोओहमचा रोध सिरीजमध्ये घाला, आणि कुठलं टोक सक्रिय इलेक्ट्रोडचं आहे ते वहीत लिहून ठेवा. चांदीच्या आयनांवर चालणाऱ्या उपकरणात धन आणि ऋण टोकांची अदलाबदल झाली की सेटच्या (रोध कमी होण्याच्या) जागी रीसेट (रोध पुन्हा वाढणं) होतो, आणि 'उपकरण चालतच नाही' असा निष्कर्ष निघतो. मनगटाचा अर्थिंग पट्टा वापरा. इतक्या पातळ थराला अंगावरची स्थिर विद्युत पुरेशी असते.

फॉर्मिंगच्या वेळचा अदृश्य झटका

या विषयावर जरा रेंगाळणार आहे, कारण सर्वांत जास्त उपकरणं इथेच मरतात.

ताज्या ऑक्साइड थरात पहिल्यांदा वाहक तंतू तयार करायचा असतो. त्याला फॉर्मिंग म्हणतात. त्यासाठी नेहमीपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, आणि तंतू तयार होताच रोध एकदम कोसळतो. प्रवाह हाताबाहेर जाऊ नये म्हणून आपण सोर्स मीटरवर (व्होल्टेज देणाऱ्या आणि प्रवाह मोजणाऱ्या यंत्रावर) कंप्लायन्स, म्हणजे प्रवाहाची कमाल मर्यादा, लावतो, समजा १०० मायक्रोअँपिअर, आणि निर्धास्त होतो. पण मीटरला हा बदल कळून प्रवाह आवरायला मायक्रोसेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. तंतू त्याच्या कितीतरी आधी तयार झालेला असतो. मधल्या वेळात प्रवाह पुरवते ती केबल.

हिशोब करून बघा. साध्या कोअॅक्स केबलची धारिता, म्हणजे चार्ज साठवण्याची क्षमता, दर एक मीटर लांबीमागे सुमारे १०० पिकोफॅरड असते. फॉर्मिंग ३ व्होल्टला झालं असं धरलं तर केबलमध्ये साठलेली ऊर्जा होते ४५० पिकोज्यूल. तंतूचा रोध १ किलोओहमवर आला तर त्या क्षणी ३ मिलिअँपिअरचा झटका बसतो, म्हणजे तुम्ही लावलेल्या मर्यादेच्या तीसपट, आणि तो शंभर नॅनोसेकंदांच्या घरात विरून जातो. मीटरच्या पडद्यावर तो कधीच दिसत नाही. तिथे प्रवाह शिस्तीत १०० मायक्रोअँपिअरवर थांबलेला दिसतो.

ओळखायचं कसं? पुढच्या रीसेटकडे बघा. तंतूवर चालणाऱ्या उपकरणात रीसेटच्या वेळचा कमाल प्रवाह साधारण फॉर्मिंगच्या कंप्लायन्सएवढाच असतो. तुम्ही १०० मायक्रोअँपिअर लावले होते आणि रीसेटला २ मिलिअँपिअर लागले, तर तंतू तुमच्या अपेक्षेपेक्षा फार जाड झाला आहे. असा जाड तंतू मधल्या अवस्था देत नाही, तो धाडकन तुटतो नाहीतर तुटतच नाही. मग 'या पदार्थात अॅनालॉग वर्तन नाही' असा शेरा बसतो, आणि तो पदार्थावर अन्याय असतो.

उपाय दोन. पहिला आणि खरा उपाय म्हणजे उपकरणाला चिकटूनच ट्रान्झिस्टर बांधणं; त्याचं गेट प्रवाह जागच्या जागी रोखतं. ते शक्य नसेल तर सिरीज रोध घाला, पण तो प्रोबच्या टोकापाशी घाला. मीटरच्या बाजूला घातलेला रोध काही कामाचा नाही, कारण केबलची धारिता त्याच्या आणि उपकरणाच्या मधे येते आणि झटका तसाच बसतो. केबल शक्य तितकी आखूड ठेवा.

याच जातीची आणखी एक गफलत पल्स जनरेटरची. बहुतेक जनरेटर ५० ओहमचा भार धरून आकडा दाखवतात. तुमचा मेमरिस्टर १०० किलोओहमचा असेल तर पडद्यावर १ व्होल्ट लिहिलेलं असताना उपकरणावर जवळपास २ व्होल्ट पडतात. डीसी स्वीपमध्ये, म्हणजे व्होल्टेज सावकाश वाढवत नेताना, १.२ व्होल्टला सेट होणारं उपकरण '१ व्होल्टच्या' पल्सने झटक्यात सेट झालं, म्हणून आनंद मानण्याआधी जनरेटरची भाराची सेटिंग बघा आणि ऑसिलोस्कोपने उपकरणापाशी प्रत्यक्ष व्होल्टेज मोजा.

धारितेला स्मरणशक्ती समजू नका

सिनॅप्सचा एक ओळखीचा गुण असा: एकापाठोपाठ एक दोन पल्स दिले तर दुसऱ्याचा प्रतिसाद मोठा येतो, आणि दोन पल्समधलं अंतर वाढवलं की ही वाढ ओसरते. जैविक सिनॅप्समध्ये हे दहा ते काही शे मिलिसेकंदांच्या टप्प्यात घडतं. उपकरणातही तसंच दिसलं की लगेच 'अल्पकालीन स्मृती' असं शीर्षक पडतं.

आता हे पाहा. उपकरणाचा रोध १ गिगाओहम, केबलची धारिता १०० पिकोफॅरड. दोन्हींचा गुणाकार ०.१ सेकंद, म्हणजे बरोबर १०० मिलिसेकंद. दोन पल्सच्या मधल्या वेळात सोर्स उघडा, म्हणजे हाय इम्पीडन्सवर राहत असेल, तर पहिल्या पल्सचा चार्ज पूर्ण ओसरण्याआधीच दुसरा येतो आणि प्रतिसाद वाढलेला दिसतो. यात थराचा काही हात नाही. उपकरण काढून त्याच जागी साधा १ गिगाओहमचा रोध लावला तरी तोच आलेख मिळेल. म्हणून तो लावूनच बघा. ही तुलनेची मोजणी प्रत्येक लेखात असायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

हिस्टेरिसिसच्या वळणालाही (व्होल्टेज वर नेताना आणि खाली आणताना प्रवाहाची वाट वेगळी पडून बनणाऱ्या फाशालाही) हीच कसोटी. मेमरिस्टरचं वळण शून्य व्होल्टला शून्य प्रवाहातूनच जातं, आणि वारंवारता वाढवली की आकसत जातं. तुमचं वळण शून्यापाशी फुगलेलं असेल तर स्वीपचा वेग दुप्पट करा. तिथला प्रवाहही दुप्पट झाला तर ती धारिता आहे, कारण धारितेचा प्रवाह व्होल्टेज बदलण्याच्या वेगाच्या प्रमाणात असतो. पॅडचं क्षेत्रफळ बदलूनही बरंच कळतं. तंतू असेल तर कमी रोधाच्या अवस्थेतला प्रवाह क्षेत्रफळावर फारसा अवलंबून राहत नाही. क्षेत्रफळाबरोबर तोही वाढला तर बदल संपूर्ण पृष्ठभागावर घडतो आहे किंवा नुसतीच गळती आहे.

हवेतला ओलावा हा तिसरा संशयित. बऱ्याच ऑक्साइड उपकरणांत थराने शोषलेलं पाणी स्विचिंगमध्ये प्रत्यक्ष भाग घेतं. हवेत सुरेख चालणारं उपकरण निर्वातात फॉर्मच होत नाही, हा अनुभव नवा नाही. प्रत्येक मोजणीसोबत आर्द्रता आणि तापमान लिहून ठेवायला लागा.

वेळेवर अवलंबून शिकणं कोण करतंय?

जैविक सिनॅप्समध्ये आधीची पेशी थोडी अगोदर स्फुरली तर जोडणी बळकट होते, उशिरा स्फुरली तर कमकुवत होते. हा नियम, ज्याला संशोधक एसटीडीपी म्हणतात, गुओ-चियांग बी आणि मू-मिंग पू यांच्या १९९८ च्या प्रयोगांमुळे ठळक झाला. वेळेचा फरक काही दहा मिलिसेकंदांचा असतो. मेमरिस्टरवर तसा आलेख काढणं सोपं आहे: दोन्ही टोकांना लांब शेपटीचे पल्स द्या, त्यांचा एकमेकांवर पडणारा भाग उंबरठ्याच्या वर गेला की वाहकता, म्हणजे रोधाचा व्यस्त, बदलते.

पण मग वेळ ओळखण्याचं काम पल्सच्या आकाराने केलं. पल्सचा आकार बदला, आलेखही बदलेल. २०१० मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या वेई लू यांच्या गटाने चांदी आणि सिलिकॉनच्या उपकरणात हे दाखवलं, तेव्हाही वेळेच्या फरकाचं पल्सच्या रुंदीत रूपांतर न्यूरॉनचं सर्किट करत होतं. अभियांत्रिकी म्हणून यात काहीच वावगं नाही. चूक होते ती श्रेय पदार्थाला देऊन टाकण्यात. पल्सचा आकार आलेखाच्या शेजारीच छापा. थराच्या आतल्या आयनांच्या हालचालीमुळेच वेळेची जाणीव येत असेल, तर एकमेकांवर न पडणारे साधे चौकोनी पल्स देऊनही परिणाम दिसायला हवा.

वाढत्या पल्सची सरळ रेष

एकसारखे पल्स देत गेलं की बहुतेक उपकरणांची वाहकता सुरुवातीला झपाट्याने वाढते आणि मग थबकते. उतरताना तर वेगळाच आकार. शिकवण्यासाठी हे वाईट, कारण वजनात, म्हणजे सिनॅप्सच्या ताकदीच्या आकड्यात, केलेला बदल त्या क्षणी वजन किती आहे यावर ठरू लागतो. यावर लोक एक शक्कल लढवतात: प्रत्येक पल्सची उंची मागच्यापेक्षा थोडी वाढवत नेतात. रेष सुरेख सरळ येते. आणि मग तीच सरळ रेष न्यूरल नेटवर्कच्या सिम्युलेशनमध्ये घालून जाहीर करतात की उपकरण चढउतारात समान आहे.

सर्किटमध्ये हे कसं चालणार? पुढचा पल्स किती उंच द्यायचा हे कळायला आधी अवस्था वाचावी लागेल. लाखो सिनॅप्स एकाच वेळी बदलण्याचा जो फायदा होता, तो इथेच संपला. वाढत्या पल्सचा आलेख द्या, पण सिम्युलेशनला एकसारख्या पल्सची आकडेवारी घाला, तीही एका लाडक्या उपकरणाची नको. निदान एका चिपवरच्या बऱ्याच उपकरणांचा आणि प्रत्येकाच्या अनेक फेऱ्यांचा पसारा त्यात यायला हवा.

इथे एक प्रश्न स्वतःला विचारून घ्या: तुम्हाला चिपवर शिकवायचं आहे, की दुसरीकडे शिकलेली वजनं फक्त चिपवर बसवायची आहेत? दुसऱ्या कामात लिहा-वाचा-तपासा या पद्धतीने वजन हळूहळू जागेवर आणता येतं, तिथे रेष वाकडी असली तरी बिघडत नाही. टिकाऊपणा मात्र उत्तम लागतो. पहिल्या कामात चढ आणि उतार सारखे असणं जीवनमरणाचा प्रश्न. आयबीएमचे तैफून गोकमेन आणि युरी व्लासॉव यांनी २०१६ मध्ये अशा प्रशिक्षणासाठी किती बारीक आणि सममित पायऱ्या लागतील याचा हिशोब मांडला, तेव्हा साधारण हजार पायऱ्यांची अपेक्षा पुढे आली. फेज चेंज मेमरीत (पदार्थ स्फटिक आणि अस्फटिक अवस्थांत बदलून रोध बदलणाऱ्या मेमरीत) वाहकता वाढवणं सावकाश जमतं, पण कमी करणं एका झटक्यातच होतं. म्हणून एका वजनाला दोन उपकरणं लावून त्यांची वजाबाकी वापरतात. उपकरणाचा स्वभाव ओळखून सर्किट बांधण्याचं हे चांगलं उदाहरण.

अचूकतेच्या टक्केवारीबद्दलही सावध राहा. हस्तलिखित अंकांच्या एमनिस्ट संचावर नेटवर्कचा एकही लपलेला थर (हिडन लेयर) नसलेलं, अगदी साधं रेषीय वर्गीकरणही ९२ टक्क्यांच्या आसपास पोहोचतं. तुमच्या सिम्युलेशनने ९० टक्के दिले तर त्यावरून उपकरणाबद्दल जवळपास काहीच सिद्ध होत नाही. याउलट २०१५ मधलं प्रेझिओसो आणि सहकाऱ्यांचं काम पाहा. १२ बाय १२ चा खराखुरा क्रॉसबार (आडव्या-उभ्या तारांच्या प्रत्येक छेदावर एक मेमरिस्टर), ३ बाय ३ चौकटींची चित्रं, आणि तीनच वर्ग. आकडे लहान, पण प्रत्यक्ष तारांवर आणि प्रत्यक्ष दोषांसकट केलेलं काम. मला त्याचं मोल जास्त वाटतं.

पायऱ्या मोजताना

चौसष्ट पल्स दिले म्हणजे चौसष्ट अवस्था मिळाल्या असं होत नाही. प्रत्येक अवस्थेत उपकरण काही वेळ ठेवा, अनेकदा वाचा, आणि वाचनाचा पसारा शेजारच्या अवस्थेत घुसतो का ते बघा. जास्त रोधाच्या अवस्थेत प्रवाह दोन पातळ्यांमध्ये उड्या मारताना दिसेल. तो गोंगाट सरासरीत लपवू नका.

वाहकता ७७ मायक्रोसीमेन्सच्या आसपास आली की आणखी काळजी घ्या. हा वाहकतेचा क्वांटम आहे, त्याचा रोध सुमारे १२.९ किलोओहम. या भागात तंतूचा सर्वांत अरुंद भाग मोजक्या अणूंचा उरतो आणि एखादा अणू हलला तरी अवस्था बदलते. मधल्या अवस्था नेमक्या इथे ठेवल्या तर त्या टिकत नाहीत.

फेज चेंज मेमरीत रोध आपोआप वाढत जातो. ही वाढ काळाच्या घातांकाने होते, आणि अस्फटिक अवस्थेत तो घातांक साधारण ०.०५ ते ०.१ असतो. ०.०५ धरला तरी काळ दहापट झाला की रोध सुमारे १२ टक्क्यांनी वाढतो. एका सेकंदानंतर वाचलेला रोध एक लाख सेकंदांनी, म्हणजे दिवसाहून थोड्या जास्त वेळाने, पावणेदोनपटीच्या वर गेलेला असतो. पल्स दिल्यावर किती वेळाने वाचलं हे न लिहिलेला आलेख म्हणूनच अर्धवट.

एकटं उपकरण आणि क्रॉसबार

प्रोबखाली गुणी वाटलेलं उपकरण क्रॉसबारमध्ये बिघडल्यासारखं वागतं, आणि दोष त्याचा नसतो.

१२८ बाय १२८ चा क्रॉसबार घ्या. प्रत्येक मेमरिस्टर १० किलोओहम, वाचायला ०.२ व्होल्ट, म्हणजे प्रत्येकी २० मायक्रोअँपिअर. दोन शेजारच्या उपकरणांमधल्या तारेचा रोध फक्त १ ओहम धरा. सगळ्या ओळी एकदम चालू केल्या तर एका स्तंभाच्या तळाशी अडीच मिलिअँपिअरहून जास्त प्रवाह जमतो, आणि ढोबळ हिशोबाने स्तंभाच्या टोकापर्यंतची घट ०.१६५ व्होल्ट येते. वाचायला दिले होते ०.२ व्होल्ट! प्रत्यक्षात प्रवाह आपोआप घटल्याने एवढी वेळ येत नाही, पण दूरच्या उपकरणांचं वजन पार चुकीचं वाचलं जातं. तीच उपकरणं १ मेगाओहमची असती तर घट १.६५ मिलिव्होल्टवर आली असती. म्हणून कमी रोधाचं उपकरण 'जास्त स्पष्ट वाचता येतं' म्हणून निवडू नका.

चोरवाटांचं गणित तर २ बाय २ मध्येच दिसतं. वाचायचं उपकरण १ मेगाओहमचं, बाकी तिन्ही १० किलोओहमची, आणि उरलेल्या तारा मोकळ्या सोडलेल्या. प्रवाह त्या तिघांमधून वळसा घेऊन येतो, वाट ३० किलोओहमची. मीटरवर दिसतात सुमारे २९ किलोओहम. मोकळ्या तारा सोडू नका, त्यांना जमिनीशी किंवा अर्ध्या व्होल्टेजशी बांधा, किंवा प्रत्येक उपकरणामागे ट्रान्झिस्टर अथवा सिलेक्टर (कमी व्होल्टेजला प्रवाह अडवणारा घटक) ठेवा.

ऊर्जेचे दावे

१ व्होल्ट, १० मायक्रोअँपिअर, १०० नॅनोसेकंद: १ पिकोज्यूल. हाच पल्स १ मिलिसेकंदाचा असेल तर १० नॅनोज्यूल, दहा हजारपट. जैविक सिनॅप्सची एका स्पंदाची ऊर्जा साधारण १० फेम्टोज्यूल सांगितली जाते. तिच्याशी तुलना करताना प्रत्यक्ष वापरलेल्याच पल्सचा हिशोब द्या. उपकरण शंभरपट लहान केलं की ऊर्जाही शंभरपट घटेल, हे तंतूच्या उपकरणाला लागू होत नाही. तिथला प्रवाह क्षेत्रफळावर ठरतच नाही. शिवाय तारा चार्ज करायला लागणारी ऊर्जा, तपासणीची वाचनं आणि स्तंभाखालचा अॅनालॉग-डिजिटल कन्व्हर्टर धरा. पुष्कळ रचनांमध्ये सर्वांत खादाड भाग हा कन्व्हर्टरच असतो.

तुलनेसाठी आयबीएमची ट्रूनॉर्थ किंवा इंटेलची लोइही ही मेंदूच्या धर्तीवरची चिप घेणार असाल तर लक्षात ठेवा, त्या दोन्हींत मेमरिस्टर नाहीत. ट्रूनॉर्थचे दहा लाख न्यूरॉन आणि २५.६ कोटी सिनॅप्स साध्या डिजिटल सीमॉसमध्ये, एसरॅमच्या, म्हणजे नेहमीच्या ट्रान्झिस्टरच्या मेमरीच्या, आधारावर बांधलेले आहेत.

उपकरण अडकलं तर

कमी रोधावर अडकून बसलेलं उपकरण लगेच टाकू नका. आधी प्रोब उचलून मोजा. तरीही प्रवाह दिसत असेल तर गळती केबल किंवा प्रोब कार्डमध्ये आहे. मग रीसेटचं व्होल्टेज ०.०५ व्होल्टच्या पायऱ्यांनी वाढवा, त्यानेही भागलं नाही तर पल्सची रुंदी वाढवा. दोन्ही एकदम वाढवू नका, नाहीतर कशाने काम झालं ते कळणार नाही. तरीही हलत नसेल तर तापमान बदलून रोध मोजा. तापमानाबरोबर रोध वाढत असेल तर आत धातूसारखा सलग तंतू बसला आहे आणि फॉर्मिंगच्या झटक्याचा संशय बळावतो. घटत असेल तर तंतू सलग नाही, अजून आशा आहे, आणखी काही सावध रीसेट करून बघा. मेलंच असेल तर शेजारचं उपकरण घ्या, पण मेलेल्याचा क्रमांक वहीत लिहा. किती टक्के उपकरणं चालली हे सांगताना तेही मोजायचं आहे.